मधली खुर्ची नसलेलं विमान

४ नोव्हेंबर, मंगळवार

विमान बदललं!

सकाळी ऑफिस उघडलं, झाडून घेतलं, कॉम्प्युटर लावला — तर कंपनीचा मेल. २१ तारखेचं नागपूर-बंगळुरू. जुनं मोठं विमान काढून त्या जागी 'मध्यम आकाराचं, अगदी नवं' विमान. वेळ तीच, तिकिटं तीच, फक्त जागा नव्याने निवडून घ्या. दिलगिरी वगैरे काही नाही. उलट अभिनंदन केलंय — या विमानात मधली खुर्चीच नाही! दोन इकडे, दोन तिकडे, मधून वाट.

तीनदा वाचला. पाणी प्यायले. परत वाचला.

त्या विमानात आमच्या घरचे आठ जण आहेत. चंदनदादा बंगळुरूला नोकरीला, २३ ला त्याचा तिथेच साखरपुडा. तिकिटं मी काढली. चंदनदादा सोडला तर घरात शिकलेली मी एकटी, त्यात ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात. म्हणून घरच्यांनी माझ्यावर टाकलेलं हे पहिलं मोठं काम. आणि माझ्याकडून मागितलं होतं एकच. मोठी माय, आई आणि काकू — तिघी जावा — एका रांगेत, लागून. मधे आई. जुन्या विमानात ते मी करून घेतलं होतं. ९ ए, बी, सी. दिवाळीत किती शांत झोप लागली होती!

मोठी माय चंदनदादाची आई. नवरदेवाची आई. ती रुसली तर साखरपुडा कोणाच्या तोंडाकडे बघून करायचा?

तासाभराने उद्धव सर आले. हे ऑफिस त्यांचं. शाळेतून गणित शिकवून निवृत्त झाले आणि इथे अकोल्यात, जठारपेठेत तिकिटं विकायला बसले. मेल वाचून त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर भाग्य! मधल्या खुर्चीत बसायला कोणालाच आवडत नाही, रागिणी. हे वैश्विक सत्य आहे."

मी 'हो सर' म्हटलं. खोटं बोलले. आमच्या घरी मधल्या खुर्चीशिवाय पान हलत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय!

मोठी माय आणि काकू एकमेकींशी बोलत नाहीत. काकूच्या कुंदनच्या बारशापासून. कुंदन आता सहावीत आहे. भांडण पाळण्यावरून झालं की जिलबीवरून, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

पण हे आमच्या गावात, हिवरखेडात, कोणालाही माहीत नाही! कारण तिघी सतत एकत्र. सकाळी ताडपत्रीवर विकायचे हार करायला बसतात तर ठरलेल्या जागा. डावीकडे मोठी माय, झेंडू निवडून देणार. मधे आई, सुईने ओवणार. उजवीकडे काकू, गाठ मारून दोरा तोडणार. मोठी माय आईच्या कानाला लागते. आई मान हलवते. मग आई काकूच्या कानाला लागते. काकू मान हलवते. बघणाऱ्याला वाटतं, काय प्रेम आहे जावा-जावांचं! टेम्पोत तशाच, लग्नाच्या पंगतीत तशाच, दवाखान्याच्या बाकड्यावरही तशाच.

दोन वर्षांपूर्वी चंदनदादाचं घर बघायला गेल्या तेव्हा जुन्या विमानात तीन-तीन खुर्च्या. (माझी परीक्षा होती, मी नव्हते.) मोठी माय आल्यावर गावभर सांगत होती, "विमान तं आमच्याच मापाचं केलं हाय बाप्पा!"

नव्यात तीन खुर्च्या एकत्र कुठेच नाहीत. पूर्ण नकाशा पाहिला. शेपटापर्यंत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुसऱ्या कंपनीचं जुनं विमान त्याच दिवशी आहे. जागा शिल्लक — दोन. लगीनसराई!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एक कमी होतं म्हणून दुसरं आलं. २९ ला अमरावतीत ट्रॅव्हलवाल्यांचं संमेलन. सरांचं भाषण. विषय — 'मध्यम आकाराची नवी विमाने जुन्या लोकप्रिय विमानांची जागा घेऊ शकतील काय?' आणि भाषणाचा मजकूर मी काढायचा.

"सर, मी अजून एकदाही विमानात बसलेले नाही."

"म्हणूनच. तुझं मत निःपक्षपाती असेल."

९ नोव्हेंबर, रविवार

हिवरखेडला आले. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. घरात पाय ठेवल्या-ठेवल्या सगळी विसरले आणि एकदम म्हटलं, "विमानात मधली खुर्ची नाही!"

चंदनदादाचे वडील, देवराव मोठे बाबा, वांग्याच्या कॅरेटवर बसले होते. म्हणाले, "काहून? चोरी गेली का?"

समजावून सांगितलं. विमान नवं आहे. इंधन कमी लागतं, आवाज कमी, खिडक्या मोठ्या. जुनं विमान मोठं म्हणून भरायला वेळ लागायचा, हे लहान म्हणून रोज उडेल. मी इतकं छान बोलले, की मला स्वतःलाच पटायला लागलं.

मोठी माय ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ज्या विमानात तीन बाया एकासंगं बसू शकत नाई, त्याले विमान कोन म्हनते वो?"

मी म्हटलं, दोघी-दोघी बसा ना. तू आणि आई. मागच्या रांगेत काकू आणि मी.

काकू आत होती, तिचा भांडी घासायचा आवाज थांबला. मोठी माय आईच्या कानाला लागली. आई आत गेली. आई बाहेर आली. मोठी मायच्या कानाला लागली.

मग मोठी मायने जाहीर केलं, "तिघी एका रांगेत असन तं मी येतो. नाई तं चंदनले सांग, मायचा फोटो ठेव पाटावर."

माझे बाबा मला गोठ्यामागे घेऊन गेले. "तू शिकलेली हाय ना वो? कंपनीले सांग, एक खुर्ची ठोकून दे म्हना मधात."

"बाबा, ते विमान आहे."

"मंग? टेम्पोत तं म्याच ठोकली होती."

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाषण लिहायला घेतलं. जुन्या विमानाच्या बाजूने: सगळ्या मेकॅनिकांचा हात त्यावर बसलेला, सुटे भाग मिळतात, वैमानिक तयार, लग्नसराईत एका फेरीत जास्त माणसं. नव्याच्या बाजूने: आमच्यासारख्या भागातून रोज तेवढी माणसं निघतच नाहीत. अर्धं रिकामं मोठं विमान आठवड्यातून तीनदा उडण्यापेक्षा भरलेलं मध्यम विमान रोज उडालेलं बरं. पण नव्याची इंजिनं नाजूक, दुरुस्तीला गेली की महिनोन्‌महिने येत नाहीत असंही वाचलं. मग विमान जमिनीवर बसून. बसलेलं नवं विमान उडणाऱ्या जुन्याची जागा कशी घेणार?

सरांनी वाचलं. "उत्तम. पण मुख्य मुद्दा कुठे? लिही — मधली खुर्ची कोणालाच नको असते."

लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. सरांचं भाषण आहे, माझं नाही. तरी हात माझा आहे ना! त्या वाक्याखाली पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!! जेवताना सापडलं. डबा तसाच ठेवून नकाशा उघडला. ए आणि बी, मग वाट, मग सी आणि डी. रांग तर एकच! ए-ला मोठी माय, बी-ला आई, वाटेपलीकडे सी-ला काकू. आई मधेच! डी-ला मी, म्हणजे परका कोणी नाही. चारही जागा धरल्या. नववी रांगच मिळाली.

आईला फोन केला. म्हटलं, तू मधेच आहेस, काळजी करू नको. ती नुसतं "बरं" म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

तालीम झाली. अंगणात.

शेजारच्या पिंटूभाऊंच्या मंडपाच्या चार प्लॅस्टिक खुर्च्या. दोन, मग वाट, मग दोन. मोठी माय बसली, आई बसली. काकू तिच्या खुर्चीपाशी उभीच राहिली.

"मले रस्त्यापल्याड काहून? मी का परक्याइची हाय?"

(हे आईच्या कानात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आकाशाकडे बघून.)

मग मोठी मायला पलीकडे बसवून पाहिलं. ती म्हणाली, "नवरदेवाची माय मी, अन् मलेच कुंपनाभाईर?"

म्हणजे भांडण खुर्चीचं नाहीच. आईला लागून कोण, याचं आहे. मी दोघींना सांगत होते की वाट फक्त हातभर रुंद आहे. तेवढ्यात बाबांनी काय करावं — टोमॅटोचं कॅरेट छातीशी धरून वाटेतून चालायला लागले. "चहा-कॉफी! सरका, मावशी, कोपरं आत घ्या!" काकूला हसू फुटलं. मोठी मायलाही. दोघींनी तोंड दोन दिशांना करून हसून घेतलं. आई मात्र हसली नाही. ती वाटेकडे बघत होती.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. जाताना काकू पलीकडे, येताना मोठी माय पलीकडे. आई जाऊन-येऊन मधे. आई दोन्ही कानांना लागली, दोन्ही माना हलल्या. ठरलं!

मोठी माय येणार!

२० नोव्हेंबर, गुरुवार

आठही जणांची आधारकार्डं परत पाहिली. कुंदनला सांगितलं, विमानात 'बॉम्ब' हा शब्द उच्चारायचा नाही. तोवर त्याच्या डोक्यातही नव्हता. आता तेवढंच म्हणतोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. बंगळुरू

क्रमाने लिहिते.

पहाटे गाडीने नागपूर. विमान खरंच नवं कोरं. आत नव्या वहीसारखा वास. आई सगळ्यांच्या पुढे होती. नवव्या रांगेपाशी गेली आणि बी-ला बसायचं सोडून सरळ पलीकडे डी-ला शिरली. खिडकीपाशी. पट्टा लावला. पदर घेतला.

"आई, ती माझी जागा आहे!"

"मले मळमळ होते. खिडकी पाह्यजे."

मागून लोक ढकलत होते. हवाईसुंदरी म्हणत होती, प्लीज बैठिए. मोठी माय ए-ला बसली, काकू सी-ला. उरली बी. मी बसले. मोठी माय, मी, वाट, काकू.

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर डावा कान मोठी मायच्या तोंडाशी.

"इचार तिले, इहिनीच्या साडीची पिशवी घेतली का इसरली नेयमीसारखी."

निरोप म्हणजे निरोप. त्यात आपण काटछाट करणारे कोण? मी वाटेपलीकडे वाकले आणि काकूच्या कानात जसंच्या तसं सांगितलं. 'नेहमीसारखी' सकट.

काकूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच म्हटलं.

"सांग तिले, मले इसराची सवय असती तं माह्या कुंदनच्या बारशाले काय बोलली होती, तेबी इसरली असतो."

तेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

मोठी माय लाल झाली. "हे असं म्हनली थे? माह्यासाठी? इतक्या वर्सात एवढं वाकडं कधी बोलली नाई!"

हा निरोप होता की स्वगत, मला कळेना. शंका नको म्हणून सांगितला.

आणि काकू थेट — माझ्या नाकासमोरून, वाटेतून ट्रॉली चालली होती तिच्यावरून — मोठी मायला म्हणाली, "वाकडं? मी तं रोजच असं बोलतो! मधल्या बाईले इचारा!"

कुंदनच्या बारशानंतरचं पहिलं वाक्य! जमिनीपासून तीस-पस्तीस हजार फुटांवर!

"मंग पोळ्याले माफी कायले मांगतली?"

"माफी? मी? मांगतली तं तुमी होती! म्हनून तं मी पुरनपोळ्या धाडल्या!"

"म्या माफी मांगतली? तू मांगतली म्हनून म्या तुले लुगडं धाडलं!"

"ते लुगडं मधल्या बाईनं... तुमी तं म्हने रडल्या..."

"रडली? मी?"

हवाईसुंदरी आली. "मॅडम, थोडा धीरे, प्लीज।" मोठी माय तिला म्हणाली, "बाई, तू पानी आन. हे घरचं हाय."

मग दोघी थांबल्या. दोघींची मान हळूहळू एकाच दिशेला वळली. माझीही.

आई खिडकीला टेकून झोपली होती. डोळे घट्ट मिटलेले. पण झोपलेल्या माणसाने पदर इतका घट्ट धरलेला नसतो.

माझा पहिला विमानप्रवास. मी ढग पाहिले नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार. बंगळुरू

साखरपुडा छान झाला. नवरी, आकांक्षा, गोड आहे, घाबरलेली वाटली. आमच्याकडच्या बायका बघून आणखीच घाबरली. कारण मोठी माय आणि काकू परवापासून थांबतच नाहीत! इतक्या वर्षांचं साचलेलं. रात्री हॉटेलच्या खोलीत, सकाळी नळाशी, पाटावर ओवाळतानासुद्धा. नवरीकडची एक बाई मला म्हणाली, "किती जमतं हो दोघींचं."

आणि बोलतात काय? आईची चौकशी! जसं एखादं प्रकरण उघडकीला यावं.

बोअर खणायची कोणाची इच्छा? काकूला सांगितलं होतं मोठी मायची, मोठी मायला सांगितलं होतं काकूची. संडास बांधायचा? तसंच. काकूच्या नवऱ्याची, बुधाजी काकांची, दारू सुटावी म्हणून त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं ते? दोघींनी एकमेकींच्या धाकाने होकार दिला होता. जर्सी गाय? मोठी माय मांडीवर थाप मारून म्हणाली, "मले तं जर्सी कधी आवडलीच नाई!"

म्हणजे घराचा अर्धा कारभार आई चालवत होती. दोघींच्या नावावर!

आईला विचारायला गेले. ती आकांक्षाच्या आईशी फुलांच्या भावावर बोलत बसली होती. मला म्हणाली, "जेवली का?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

परत. तेच विमान. कोणालाही न विचारता मोठी माय आणि काकू ए-बीला लागून बसल्या. ठरलेला तोडगा वाया. आई परत डी-ला. मी सी-ला. ढग पाहिले. आईच्या खांद्यावरून.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सरांना सगळं सांगितलं नाही. घरचं आहे. एवढंच म्हटलं, की मधल्या खुर्चीचं वाक्य मला तपासावं लागेल.

"वैश्विक सत्य तपासायचं नसतं, रागिणी."

२९ नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

संमेलन. पंख्याखाली दीडशे माणसं, फाफडा आणि चहा. सरांनी भाषण चांगलं वाचलं. टाळ्या. मग, माझी परवानगी न घेता — "आमच्या रागिणीताई नुकत्याच त्या विमानातून जाऊन आल्या. प्रवाशाचा अनुभव त्या सांगतील."

माईक माझ्यापेक्षा उंच. म्हटलं, नवी विमानं जुन्यांची जागा घेतील. आमच्या भागात तर घ्यावीच. रोजचं विमान अकोल्याला आलं तर नागपूरपर्यंत जाणंही कधीतरी वाचेल. पण मधली खुर्ची कोणालाच नको असते, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तिथे बसणारा माणूस नुसता बसलेला नसतो. दोन्हीकडच्यांना धरून असतो. ती खुर्ची काढली की पहिल्या दिवशी गोंधळ होणार. मग... मग पुढे काय ते मला अजून माहीत नाही.

मागून एकजण उठला. "ताई, ते ठीक हाय. कमिशन किती पडते ते सांगा."

परतीच्या गाडीत सर भाषणाचे कागद चाळत होते. बडनेऱ्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "शाळेत स्टाफरूममध्ये बत्तीस वर्षं मी मधल्या खुर्चीत बसलो." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

३० नोव्हेंबर, रविवार. हिवरखेड

ताडपत्रीवर हार चालले होते. मोठी माय आणि काकू आता लागून बसतात, आई टोकाला. त्यांची चौकशी माझ्यापर्यंत आली.

काकू म्हणाली, "रागिणीले धाव्वीनंतर अकोल्याले शिकाले धाडाचं, हे तुमीच म्हनलं होतं ना? पोट्टी हुशार हाय म्हने, धाडलं नाई तं मी जेवनार नाई, असं?"

मोठी माय हातातला झेंडू तसाच धरून काकूकडे बघत राहिली.

"मी नाई वो. ते तं तू म्हनली होती."